हळदीखालची पेशी

आमच्या कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक होता. त्यातून पाहायचं नसे, त्याला पाहायचं असे, आणि तेही वर्षातून एकदा, खंडेनवमीला. कॉलेज म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून. अकोल्यातल्या मुलींच्या एका शाळेच्या गच्चीवर चार खोल्या चढवून त्यांना अकरावी-बारावी जोडली होती, एवढंच. जीवशास्त्राच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली ठोसर सरांच्या खिशात राही. ठोसर सर आमचे जीवशास्त्राचे शिक्षक. खंडेनवमीला ते कपाट उघडत, टेबलावर लाल कापड अंथरून तराजू, चिमटे, परीक्षानळ्या मांडत आणि मधोमध पाटावर सूक्ष्मदर्शक ठेवत. यंत्र रिकामं दिसू नये म्हणून त्याच्या खाली कांद्याच्या पापुद्र्याची एक तयार काचपट्टी कायमची अडकवलेली असे. मग हळद, कुंकू, अक्षता, फुलं, पाण्याचा शिपका आणि नारळ. कोपऱ्यात हाडांचा सापळा टांगलेला होता, त्याच्या कपाळालाही कुंकू लागे. प्रसादाचं खोबरं आम्हालाही मिळे. आम्ही बौद्ध, घरी यातलं काही नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "खोबरं खाय. खोबऱ्यानं काय केलं आपलं?"

बाबा एसटीत कंडक्टर होते. आमचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. कापसाच्या हंगामात जिन दिवसभर घरघरत राही, आणि तो थांबला की आम्हाला उलट काहीतरी बिघडल्यासारखं वाटे. कापसाचा भुगा दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटींतून घरात येई. माय दह्यावर, पिठावर, पाण्यावर फडकं झाकत असे, तरी अंबाडीच्या भाजीत एखादा पांढरा तंतू निघायचाच. बाबा घरी आले की तिकीट पंच करायचा चिमटा खुंटीला अडकवण्याआधी दोन-चारदा हवेतच वाजवत. हाताला लागलेली सवय. ती टकटक ऐकली की माय तव्यावर भाकर टाके. गरम भाकर, झुणका, ठेचा, आणि सोबत माझी तोंडी परीक्षा. बाबा स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. पण आज वर्गात काय सांगितलं हे मी त्यांना जेवताना सांगायचं, असा नियम होता. त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "हे तुनं पाह्यलं काय?" पुस्तकात आहे म्हटलं की ते म्हणत, "पुस्तकानं पाह्यलं. तुनं पाह्यलं काय?" मला त्याचा फार राग येई.

ठोसर सर पेशीचा इतिहास मात्र छान सांगत. डोळे मिटून, एक हात छातीवर ठेवून, जणू ते स्वतः त्या काळी लंडनमध्ये शेजारी राहत होते. एका इंग्रज माणसानं बुचाच्या झाडाची पातळ चकती कापून भिंगाखाली धरली, आणि त्याला ओळीनं रिकाम्या कोठड्या दिसल्या. मठातल्या साधूंच्या खोल्या असतात तशा. म्हणून त्यानं त्यांना तेच नाव दिलं, इंग्रजीत अजून तेच चालतं, सेल. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. "भिक्खूंच्या खोल्या? म्हणजे पातूरच्या लेण्यातल्यावानी?" पातूरची लेणी आम्ही पाहिली होती. दगडात कोरलेल्या उघड्या, ओक्याबोक्या खोल्या. त्यांत बसून मी आणि भावानं भाकर-चटणी खाल्ली होती. बाबांना विज्ञानाची ही बाजू एकदम पसंत पडली. "मंग त्या खोल्यांत कोणी होतं की नाही?" मी म्हटलं, त्या मेलेल्या झाडाच्या पेशी, रिकाम्याच होत्या. "बरोबर. लेणंबी रिकामंच हाय," ते म्हणाले, आणि दुसरी भाकर मागितली.

मग आला हॉलंडचा कापड दुकानदार. त्यानं स्वतः भिंगं घासून तळ्याच्या पाण्यात, दातांच्या किटणात वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या विद्वानांना पत्रं पाठवली. माय चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "कापडवाल्याले भिंग लागतेच न. सूत पाहाले." सरांनी हे सांगितलं नव्हतं, पुढं वाचलं तर ते खरं निघालं. त्या विद्वानांचा मात्र दुकानदारावर विश्वास बसला नाही. शेवटी त्यानं गावातले पाद्री, वकील अशी अब्रूदार माणसं बोलावून त्यांना भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या सह्या पाठवल्या. पाण्यात जीव आहेत की नाही, हे पाण्याकडं पाहून ठरवण्यापेक्षा पाद्र्याच्या सहीकडं पाहून ठरवणं त्यांना जास्त शास्त्रीय वाटलं असावं. आमच्याकडं याला आजही सत्यप्रत म्हणतात.

या शास्त्रज्ञांची नावं मी इथं मुद्दाम लिहीत नाही. सगळ्यांचीच सारखी गाळली म्हणजे निदान या प्रकरणात तरी समता नांदेल. का, ते पुढं येईलच.

आता परीक्षेची गोष्ट. तेव्हा प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागे. त्यात नापास म्हणजे सगळी बारावी नापास. आणि माझ्या बाबतीत नापास म्हणजे लग्न. बाळापूरचे मामा, मायचे थोरले भाऊ, यांनी स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, जमीन होती, एवढ्यावर त्यांचं म्हणणं संपे. बाबांनी त्यांना एकच शब्द दिला होता: पोरगी पास होते तोवर शिकते, नापास झाली की तुम्ही म्हणाल तसं. त्या शब्दावर दोघंही खूश होते, कारण दोघांनाही आपणच जिंकणार असं वाटत होतं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी अमरावतीहून बाह्य परीक्षक आले. त्यांना शाल, नारळ, गुच्छ झाला. प्रयोगशाळेतच, जिथं आम्ही बेडूक चिरत असू त्या टेबलावर, त्यांनी पोहे आणि जिलबी खाल्ली. आदल्या दिवशी ठोसर सरांनी आम्हाला बजावलं होतं, "सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पेशी आहे. फोकस केलेलं आहे. कशालाही हात लावायचा नाही. पाहा आणि आकृती काढा." पद्धत अशी होती की प्रत्येकीनं जायचं, एक डोळा मिटायचा, देवापुढं वाकावं तसं वाकायचं आणि जागेवर येऊन पाठ केलेली आकृती काढायची. सहा कोनांची पेशी, मधोमध गोल केंद्रक, बाजूला पट्टीनं आखलेल्या रेघा आणि नावं. माझ्या पुढच्या सगळ्याजणी तशाच वाकल्या आणि आल्या. सुंदर आकृत्या काढल्या.

मी वाकले आणि पाहिलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग पिवळी ढेकळं. नांगरलेल्या रानासारखी, एकावर एक, मध्येच एखादा लाल खडा. कोठड्या नाहीत, भिंती नाहीत, काही नाही. मला वाटलं, माझंच चुकतंय. स्क्रू जरा फिरवला. ढेकळं अंधूक झाली, पुन्हा स्पष्ट झाली. मग मी काचपट्टीवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. वास घेतला. हळद होती, खंडेनवमीची, पाण्याच्या शिपक्यानं थर होऊन घट्ट बसलेली.

"हात कुणी लावायला सांगितला?" ठोसर सर जवळजवळ धावत आले. "हात का लावला तू?"

त्या प्रश्नात आणखी काही होतं की नुसती यंत्राची काळजी होती, हे मी आज ठरवू शकत नाही. आमच्या घरी मात्र ते त्याच संध्याकाळी ठरलं.

"सर, याच्यात पेशी दिसतच नाही. हळद आहे," मी म्हटलं आणि बोट दाखवलं.

मागून माझी मैत्रीण नसीम हळूच म्हणाली, "हल्दी? पेशी की शादी है क्या?" दोघी-तिघी फिसकन हसल्या आणि लगेच वह्यांत तोंड घातलं.

परीक्षक साहेब रुमालानं हात पुसत आले. चष्म्यासकटच ते क्षणभर भिंगावर वाकले आणि सरळ झाले. "अतिशय स्पष्ट," ते ठोसर सरांना म्हणाले. "केंद्रक तर फारच सुरेख आलंय. यंत्र जुनं दिसतं, पण चांगलं राखलंय तुम्ही."

"सर, ते केंद्रक नाही. हे पाहा ना," मी बोट पुन्हा पुढं केलं.

ते माझ्याकडं बघून प्रेमळ हसले. "बाळ, नजर तयार व्हावी लागते. एकदम नाही दिसत."

त्या हसण्याचा राग मला अजून आहे. माणूस रागावला असता तर मी घाबरून गप्प बसले असते. पण ते प्रेमळ हसले. मी जागेवर आले आणि जे पाहिलं ते काढलं. वेडीवाकडी ढेकळं. त्यांना बाण काढून नावं दिली: हळद, कुंकू. खाली लिहिलं, 'कांद्याची पेशी दिसली नाही.' पट्टीनं रेघही मारली. आकृती नीटनेटकी असावी, हे सरांनीच शिकवलं होतं.

परीक्षा संपल्यावर ठोसर सरांनी मला दाराशी थांबवलं. ते चिडलेले नव्हते. "हे बघ, उद्या दुसऱ्या तुकडीची परीक्षा आहे, साहेब उद्याही आहेत. मी तुला कोरा कागद देतो. पुस्तकातली आकृती काढून दे, मी त्यांच्याशी बोलतो. वर्ष वाया घालवू नकोस." त्यांना खरोखर माझं भलं करायचं होतं. भलं करणाऱ्यांचा हा प्रकार मी पुढं पुष्कळ पाहिला. ते दार उघडं ठेवतात. फक्त आत येताना तुम्ही डोळे बाहेर काढून ठेवायचे असतात.

घरी मामा आलेले होते. मायनं त्यांच्यासाठी कढी-गोळे केले होते. मी सगळं सांगितलं. 'हात का लावला' याचा अर्थ आमच्याकडं कुणाला समजावून सांगावा लागला नाही. माय म्हणाली, "काढून दे वं, सुजे. एक चित्र तं हाय. सहा रेघा वढल्या की झालं."

मामा म्हणाले, "अवं, चित्रापायी कोणी वर्स घालवते काय? पण घालव बापा, माह्यं काय जाते. निकाल लागला की लगन लावून टाकू."

बाबांनी चिमटा खुंटीला टांगला. त्या दिवशी तो वाजवला नाही. "सुजाता, तुले पेशी दिसली काय?"

"नाही, बाबा."

"मंग कशाची आकृती काढून राह्यली?"

"पण मी नापास होईन."

"होशीन." ते मामांकडं बघून म्हणाले, "ज्याच्याजवळ तिकीट नाही, त्याले मी तिकीट हाय म्हणू काय? साहेबानं सांगतलं तरी?"

"दाजी, हे बस नाही. पोरीची जिंदगी हाय," मामा म्हणाले. आणि मामांचं चुकत होतं असंही नाही. हे लिहिताना मला जाणवतं की त्या खोलीत सगळ्यांत सरळ बोलणारे तेच होते.

रात्रभर विचार करून मी एक तोड काढली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. दुसऱ्या दिवशी ठोसर सरांकडं गेले आणि म्हटलं, "सर, मी पेशीची आकृती काढते. फक्त ती काचपट्टी पुसून द्या. मला एकदा दिसू द्या, मग पाहिजे तशी नीट काढते."

सर गोंधळले. त्यांनी कपाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पूजेची हळद आहे ती," ते म्हणाले. "पुसत नसतात. आपोआप पडू द्यायची असते."

मी कागद घेतला नाही. जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींनी त्या दिवशी हळदीच्या सुंदर पेशी काढल्या, त्यातल्या एक-दोघी पुढं डॉक्टर झाल्या. चांगल्या डॉक्टर आहेत. माझं रक्त त्याच तपासतात.

हे आता सांगायचं कारण माझी नात. आम्ही अमरावतीला राहतो आणि ती राजापेठेत एका क्लासला जाते. जिन्यावर तीन मजले क्लासच आहेत, खाली स्कूटींचा खच. परवा ती घरात फेऱ्या मारत पेशीसिद्धान्त पाठ करत होती. तीन विधानं. पहिल्या दोन विधानांना दोन जर्मन नावं, तिसऱ्याला एका मोठ्या जर्मन डॉक्टरचं. मी म्हटलं, त्या पहिल्या दोघांना जेवणानंतर गप्पा मारता मारता ही कल्पना सुचली, आणि नवी पेशी कशी जन्मते हे दोघांनीही साफ चुकीचं सांगितलं होतं, माहीत आहे का? साखरेच्या पाकात खडे जमावेत तशा पेशी आपोआप जमतात, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, "आजी, हे येत नाही परीक्षेत."

तिसरं विधान म्हणजे पेशीतूनच पेशी जन्मते. हे त्या मोठ्या डॉक्टरच्या आधी एका दुसऱ्याच माणसानं भिंगाखाली पाहिलं होतं. अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भात एका पेशीच्या दोन होताना त्यानं वर्षानुवर्षं पाहिल्या, काढल्या, छापल्या. तो ज्यू होता. विद्यापीठानं त्याला सांगितलं, ख्रिस्ती हो, म्हणजे शिकवायची जागा देतो. तो झाला नाही. पुष्कळ उशिरा त्याला एक अर्धंमुर्धं पद मिळालं, पूर्ण प्राध्यापक तो कधीच झाला नाही. मोठ्या डॉक्टरनं, जो त्याला चांगला ओळखत होता, तेच म्हणणं एका लॅटिन वाक्यात बसवलं आणि त्याचं नाव घ्यायचं राहून गेलं. लॅटिन वाक्यं पाठ करायला सोपी असतात. नातीच्या पुस्तकात डॉक्टर आहे, फोटोसकट. दुसरा नाही. तो परीक्षेत येत नाही.

ही हकीकत मला कळली तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते आणि बाबा निवृत्त होऊन माझ्याकडं राहायला आले होते. मी त्यांना जेवताना सांगितली, जुन्या नियमाप्रमाणं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "त्यानं धरम बदलला नाही म्हून अडवला. आमी बदलला म्हून अडवलं. म्हणजे धरमाचं काई नव्हतंच. दार त्यायचं होतं, एवढंच."

नापास झाल्यावर काय झालं ते राहिलं. मामा ठरल्याप्रमाणं आले. बाबा म्हणाले, "शब्द मी देल्ला होता, खरं हाय. पण पोरगी नापास नाही झाली. परीक्षा नापास झाली." मामा खूप बोलले. त्यातलं पुष्कळ मायलाही पटत होतं. ती भांडी जोरात घासत राहिली. शेवटी मामा म्हणाले, "पोराकडचे थांबणार नाहीत." बाबा म्हणाले, "नका थांबवू. त्यायची गाडी सोडून द्या." मामा आमच्याकडं पुढं चार वर्षं जेवले नाहीत. फक्त मायला त्याचा खर्च काय आला हे आम्ही कुणी विचारलं नाही. आणि या वेळी मामांनी शब्द पाळला होता, बाबांनी नाही, हे मी विसरलेले नाही.

पण ती मुदत एका वर्षाचीच होती. पुन्हा नापास झाले तर बाबांकडं बोलायला काही उरणार नव्हतं, आणि हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी मला त्यांच्याच गाडीत बसवून अमरावतीला आत्याकडं नेलं. माझं तिकीटही फाडलं. आत्या एका दवाखान्यात नर्स होती. तिनं मला तिथल्या एका कॉलेजात बसवलं आणि सांगितलं, "इथं तोंड कमी चालवजो."

तोंड मी कमी चालवलं. तिथल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक टेबलावर उघडे होते आणि कांदे बाजारातून येत. परीक्षेला आमच्या प्रत्येकीसमोर एक कांदा, एक ब्लेड. मी पापुद्रा सोलला, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरवला, आयोडिनचा थेंब सोडला, वरून पातळ काच ठेवली. वाकले. आणि पहिल्यांदा पेशी पाहिल्या. विटांच्या भिंतीसारख्या, पण कुणीतरी घाईत रचलेल्या. कुठं लांब, कुठं तिरक्या. आणि केंद्रक मधोमध नव्हतं. एकाही पेशीत नव्हतं. कुठल्याशा भिंतीला खेटून, कोपऱ्यात सरकून बसलेला तपकिरी ठिपका. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पुस्तकातली आकृती मला पाठ होती. एक वर्ष, एक लग्न आणि बाबांचा शब्द त्या कागदावर होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी केंद्रक कडेला काढलं.

परीक्षक म्हातारे होते, कोटाच्या बाह्या खडूनं पांढऱ्या झालेल्या. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली, आकृतीला पाचांपैकी चार दिले आणि केंद्रकावर लाल पेननं एक गोल केला. चार गुणांनी मी पास होत होते. आत्याचं ऐकून मुकाट उठायला हवं होतं.

"सर," मी म्हटलं, "एकदा पाहून घेता का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वाकले. पुष्कळ वेळ वाकून राहिले. काचपट्टी इकडं सरकवली, तिकडं सरकवली. मागं रांगेतल्या मुली चुळबुळ करू लागल्या. शेवटी ते उठले, चष्मा लावला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "सगळीकडं कडेलाच आहे." आणि मग अगदी समजावणीच्या सुरात, "पण आकृतीत मधोमध दाखवायचं असतं."

"काहून, सर?"

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.